गेम आपला, काटा प्रकाशकाचा

फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस युक्रेनच्या फ्रॉगवेअर्स या गेम स्टुडिओने आपल्या चाहत्यांना जाहीर विनंती केली : आमचा गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात विक्रीला आला आहे, तो घेऊ नका. गेम त्यांचाच होता. ‘द सिंकिंग सिटी’ नावाचा, त्यांनी स्वतः घडवलेला, जून २०१९ मध्ये बाजारात आलेला. पण स्टीमवर चढलेली ती प्रत आम्ही दिलेलीच नाही, आमच्या फ्रेंच प्रकाशकाने, म्हणजे नॅकॉनने, ती दुसऱ्या एका ऑनलाइन दुकानातून विकत घेतली, तिची कुलपं फोडली, आत फेरफार केले आणि विकायला ठेवली, असा फ्रॉगवेअर्सचा आरोप होता. ही अधिकृतच प्रत आहे, असं नॅकॉनचं म्हणणं. काही दिवसांतच ती स्टीमवरून उतरली.

गोष्ट या थराला एकदम गेली नव्हती. २०१७ मध्ये करार झाला तेव्हा वाटणी सरळ होती. गेमचे मूळ हक्क स्टुडिओकडे, ठरावीक दुकानांत आणि कन्सोलवर (प्लेस्टेशनसारख्या गेम खेळायच्या यंत्रांवर) विकण्याचा हक्क प्रकाशकाकडे, आणि त्या बदल्यात प्रकाशकाने टप्प्याटप्प्याने निर्मितीसाठी पैसे द्यायचे. स्टुडिओचं म्हणणं असं की हप्ते सतत उशिरा आले, आणि गेम बाजारात आल्या आल्या एक पत्र हातात पडलं : आधी मंजूर केलेले टप्पे आता नामंजूर समजावेत. टप्पे नामंजूर झाले की विक्रीतला वाटाही गेला. विक्रीचे आकडे मागितले तर मिळेनात. कोर्टात गेल्यावर मिळाले, तेही अर्धवट. सुमारे दहा लाख युरो थकल्याचा स्टुडिओचा दावा होता. शेवटी त्यांनी करार संपवल्याचं जाहीर केलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम बहुतेक दुकानांतून दिसेनासा झाला.

प्रकाशकाची बाजूही सांगायला हवी. नॅकॉनने हे सगळे आरोप फेटाळले. आम्ही या गेममध्ये मोठी रक्कम ओतली आणि स्टुडिओच आपला शब्द पाळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ऑक्टोबर २०२० मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने, फ्रॉगवेअर्सने ज्या रीतीने करार मोडला ती सकृद्दर्शनी बेकायदा ठरवली आणि अंतिम निकाल लागेपर्यंत करार पाळायला सांगितलं. पुढे काही वर्षांनी गेम प्रकाशित करण्याचे सगळे हक्क स्टुडिओकडे आले. तोवर त्यांच्या देशावर युद्ध येऊन आदळलं होतं.

कोण किती खरं, हे ठरवायला माझ्याकडे ती कागदपत्रं नाहीत. पण या भांडणातली एक गोष्ट दोन्ही बाजू मान्य करूनही तशीच्या तशी उरते : आपल्या गेमच्या किती प्रती खपल्या हे पाहण्यासाठी बनवणाऱ्याला विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागलं. माझं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे, आणि ते मी आग्रहाने मांडतो. स्वतंत्र गेम निर्माते आणि प्रकाशक यांच्यातल्या वादात आपण नेहमी टक्केवारीवर बोलतो. सत्तर-तीस द्या, साठ-चाळीस द्या. टक्केवारी कशाची, हे मोजणारा हात ज्याचा, त्याचंच शेवटी चालतं. म्हणून विक्रीचा आकडा आणि विक्रीचा पैसा हे दोन्ही दुकानाकडून निर्मात्याकडे थेट आले पाहिजेत, प्रकाशकाच्या मेहेरबानीने नव्हे.

महाराष्ट्रात हे कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. ऊस शेतकऱ्याचा, पण वजनकाटा कारखान्याचा. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, किती हा वाद दरवर्षी पेटतो, पण काटामारीची तक्रार त्याच्या आधीची आणि जास्त खोल आहे, कारण दर कितीही वाढला तरी वजनच कमी दाखवलं तर तो दर कागदावर राहतो. म्हणून तर बाहेरच्या काट्यावर वजन करून आणायची मुभा द्या, ही मागणी शेतकरी संघटना इतक्या वर्षांपासून लावून धरत आहेत. आणि निदान उसाला कायद्याचा आधार तरी आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. तो किती पाळला जातो हा प्रश्न वेगळा. गेम बनवणाऱ्याला चौदा दिवसही नाहीत आणि बाहेरचा काटाही नाही.

आकड्याची ताकद गेमच्या धंद्यात फार जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी अटारी या अमेरिकी गेम कंपनीत कोणत्या गेमच्या किती प्रती खपल्या याचा एक कागद प्रोग्रामरांमध्ये फिरला. आपण केलेल्या गेमवर कंपनीने किती मिळवलं आणि आपल्या हातात किती पडलं, हे डेव्हिड क्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या कागदाने दाखवलं. ते गेमवर नाव आणि वाटा मागायला गेले, नकार मिळाला, आणि १९७९ मध्ये त्यांनी बाहेर पडून ॲक्टिव्हिजन ही स्वतःची गेम कंपनी काढली. तो कागद डोळ्यांपुढे आला नसता तर पगार बरा आहे असं म्हणत ते तिथेच राहिले असते.

आता एक साधा हिशेब मांडतो. आकडे मी घेतलेले आहेत, पण रीत खरी आहे. समजा, प्रकाशकाने स्टुडिओला एक कोटी आगाऊ दिले आणि जाहिरात, भाषांतर, चाचण्यांवर पन्नास लाख खर्च केले. गेमची एकूण विक्री तीन कोटींची झाली. परत केलेल्या प्रती आणि कर यांचे साठ लाख वजा. राहिले दोन कोटी चाळीस लाख. त्यातून दुकानाचे तीस टक्के, म्हणजे बहात्तर लाख, गेले. उरले एक कोटी अडुसष्ट लाख. आता ‘रिकूप’, म्हणजे प्रकाशकाच्या खर्चाची वसुली : दीड कोटी. शिल्लक अठरा लाख, निम्मे निम्मे केले की स्टुडिओला नऊ लाख. तीन कोटींच्या विक्रीवर नऊ लाख ऐकायला बोचतं, पण आधी मिळालेल्या एक कोटीतून पगार झाले होते, त्यामुळे याला मी अन्याय म्हणणार नाही.

पण करारात एक ओळ बदलून बघा. वसुली एकूण रकमेतून न करता ‘निर्मात्याच्या वाट्यातून’ करायची, एवढंच लिहा. मग एक कोटी अडुसष्ट लाखांचे आधी दोन भाग होतात, चौऱ्याऐंशी लाखांचे. प्रकाशक आपला भाग खिशात घालतो आणि निर्मात्याचा भाग वसुलीत घेतो. प्रकाशकाकडे सगळे एक कोटी अडुसष्ट लाख जमा, त्याचा खर्च निघून अठरा लाख वर. निर्मात्याकडे शून्य, शिवाय अजून सहासष्ट लाख फेडायचे बाकी असल्याची नोंद. वाटा दोन्ही करारांत पन्नास टक्केच लिहिलेला. सही करणारा चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी तो पन्नासचा आकडा वाचतो आणि खूश होतो.

पुण्यातल्या एका तरुण निर्मात्याने मला त्याला आलेलं तिमाही रॉयल्टी स्टेटमेंट दाखवलं होतं. कोथरूडमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिघांनी मिळून केलेला गेम, परदेशी प्रकाशक. स्टेटमेंट म्हणजे एक्सेलचं एक पान. वर एकूण विक्री, खाली ‘मार्केटिंग व इतर खर्च’ म्हणून एक रक्कम, आणि शेवटी वजाबाकी. कोणत्या देशात किती प्रती गेल्या, सवलतीच्या आठवड्यात कोणत्या किमतीला गेल्या, इतर गेमबरोबर गठ्ठ्यात विकल्या तेव्हा त्या गठ्ठ्याच्या पैशातला किती भाग या गेमच्या नावावर टाकला, यातलं काहीही नाही. ‘इतर’ म्हणजे काय, असं त्याने मेल करून विचारलं. उत्तर आलं की करारात तपशील देण्याची अट नाही. हिशेब तपासायचा हक्क करारात होता, मात्र तो वर्षातून एकदा, स्वतःच्या खर्चाने, परदेशातल्या सनदी लेखापालाकडून बजावायचा. त्या लेखापालाची फी त्या तिमाहीच्या सगळ्या रॉयल्टीपेक्षा जास्त झाली असती. मुलगा हुशार आहे, गणितात कच्चा नाही. पण ज्या रकमेची त्याने बेरीज करायची तीच त्याला कुणी दाखवत नव्हतं.

आकडा लपला की पैशाचं स्वरूपही बदलता येतं, याचं सगळ्यात दुखरं उदाहरण इंडोनेशियातलं आहे. सुराबायाच्या मोजिकेन स्टुडिओने नव्वदच्या दशकातल्या इंडोनेशियन गावावर ‘अ स्पेस फॉर द अनबाउंड’ हा गेम केला. त्यांच्या बाजूने व्यवहार पाहणाऱ्या तोगे प्रॉडक्शन्सने ऑगस्ट २०२२ मध्ये ब्रिटिश प्रकाशक पीक्यूबवर जाहीर आरोप केला. एका मोठ्या कन्सोल कंपनीने संधी कमी मिळणाऱ्या समाजांतल्या निर्मात्यांसाठी अनुदान ठेवलं होतं. ते करोनाच्या काळात, निर्माते इंडोनेशियन आहेत हे सांगून, प्रकाशकाने मिळवलं. पण ते अनुदान आहे हे निर्मात्यांना सांगितलंच नाही. उलट तेच पैसे स्वतःच्या खिशातून दिलेली मिनिमम गॅरंटी म्हणून दाखवले, म्हणजे विक्रीतून वसूल करण्याजोगी उचल केली, आणि त्याच्या जोरावर आपला वाटा वाढवून मागितला. पीक्यूबने आरोप नाकारले. तोगेच अवास्तव अटी घालत आहे, असं सांगितलं. त्यानंतर थायलंडच्या कोअरसेल या स्टुडिओनेही याच प्रकाशकाबद्दल थकलेल्या पैशांची आणि हक्कांची तक्रार जाहीर केली. इंडोनेशियन गेम लांबला आणि अखेर जानेवारी २०२३ मध्ये दुसऱ्या प्रकाशकामार्फत आला.

आरोप खरा धरला तर जे घडलं त्याला फसवणूक याखेरीज शब्द नाही. आणि तो खोटा धरला तरी प्रश्न राहतोच : अनुदान देणाऱ्या कंपनीने ते थेट स्टुडिओच्या खात्यात का घातलं नाही? किमान एक पत्र स्टुडिओच्या नावाने का पाठवलं नाही? गरीब देशातल्या निर्मात्याला मदत करायची तर मधल्या माणसाला पावती देऊन थांबणं पुरत नाही.

यावर प्रकाशकांचं उत्तर ठरलेलं असतं आणि ते पोकळ नाही. बहुतेक गेम आपटतात. आपटलेल्या गेमवर दिलेली उचल परत येत नाही, निर्मात्याकडे कुणी वसुलीला जात नाही. कन्सोल कंपन्यांच्या परीक्षा पार करणं, आठ-दहा भाषांत गेम नेणं, हजारो नव्या गेमच्या गर्दीत आपला दिसेल असं करणं, ही कामं तिघांच्या चमूला झेपत नाहीत. पुण्याच्या नोडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२० मध्ये जगभर गेला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळवून आला, तोही प्रकाशकामार्फतच. प्रकाशक नको असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. धोका पत्करणाऱ्याला मोठा वाटा मिळावा, हेही मान्य. पण धोका पत्करल्याने हिशेब झाकून ठेवायचा अधिकार कसा मिळतो? बँक कर्ज देते तेव्हा तीही धोका पत्करते, आणि तरी खातेउतारा देते.

‘करारावर सही केली होती ना?’ हा दुसरा मुद्दा. केली होती. तीन महिन्यांचं भाडं आणि पगार शिल्लक असताना, समोर एकच प्रस्ताव असताना, चाळीस पानी इंग्रजी करारावर, लंडन किंवा कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली केली होती. मोठ्या स्टुडिओंनाही हे चुकत नाही. ऑब्सिडियन या स्टुडिओने बेथेस्डा या प्रकाशकासाठी केलेल्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’वर रॉयल्टी नव्हती, समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ८५ गुण पडले तर बोनस, अशी अट होती. गुण पडले ८४. हे त्यांच्याच ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये सांगितलं. प्रती लाखोंनी खपल्या, पण करार प्रतींशी बांधलेला नव्हता. नाव असलेल्या कंपनीची ही गत, तर नवख्याने घासाघीस कशाच्या बळावर करायची?

आणि उघडपणे वागता येत नाही असंही नाही. स्वीडनच्या रॉ फ्युरी या प्रकाशकाने २०२१ मध्ये आपला कराराचा नमुनाच सर्वांसाठी खुला केला. कुणीही वाचावा, तुलना करावी. त्यांचा धंदा त्यामुळे बुडाला नाही. दुसऱ्यांनी हे का करू नये, याचं पटणारं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

कायद्याकडे येतो, कारण भलेपणावर सोडून चालणार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ची दुरुस्ती झाली ती चित्रपटांचे गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. त्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये अशी तरतूद आली की गीतकार-संगीतकाराने सही करून दिली तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याच्याकडून काढून घेता येत नाही. सही झाली असली तरी! गरजू माणसाची सही म्हणजे त्याची इच्छा नव्हे, हे आपल्या संसदेने एकदा मान्य केलेलं आहे. गेमची कथा लिहिणारा, संगीत देणारा, चित्र काढणारा, कोड लिहिणारा, यांच्यासाठी अशी स्पष्ट तरतूद नाही. संगणक प्रणाली आपल्या कायद्यात साहित्यकृती मानली जाते, पण साहित्यिकाचं हे संरक्षण तिच्यापर्यंत पोचत नाही.

कलम १९ मध्ये बरंच चांगलं आहे. हक्क लेखी द्यायचे, कोणते ते लिहायचं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम १९अ मध्ये तर अटी जाचक असतील तर हस्तांतरणच रद्द करून घेता येतं. फक्त त्यात एक मेख आहे : हस्तांतरणानंतर पाच वर्षं होईपर्यंत रद्द करण्याचा आदेश देता येत नाही. पुस्तकाच्या बाबतीत पाच वर्षं थांबता येईल. गेमची मोठी विक्री पहिल्या काही महिन्यांत होते, नंतर तो सवलतीच्या टोपलीत जातो. पाच वर्षांनी हातात आलेल्या हक्काचं त्या स्टुडिओने काय करायचं, तो तोवर टिकला असेल तर?

युरोपकडे पाहून धडा घ्यावा म्हटलं तर तिथेही भोक आहेच. युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशाने लेखक-कलावंतांना रास्त मोबदला, विक्रीचा नियमित हिशेब, कृती अनपेक्षित चालली तर वाढीव वाटा, न वापरलेले हक्क परत, असं खूप काही दिलं. आणि त्यातच कलम २३ मध्ये लिहून ठेवलं की हे सगळं संगणक प्रणालीच्या निर्मात्यांना लागू नाही. कादंबरीकाराला हिशेब मागता येतो. ज्याच्या कोडवर गेम उभा आहे त्याला नाही. भारताने कायदा बदलताना ही चूक उचलू नये. हिशेबाचा हक्क करारातून काढून टाकता येणार नाही असा असावा, आणि करार कोणत्याही देशाच्या कायद्याखाली असला तरी भारतात राहून काम करणाऱ्याला तो मिळावा.

पैसे थकवणाऱ्या देशातल्या कंपनीविरुद्ध एक हत्यार आजही आहे आणि ते फार थोडे स्टुडिओ वापरतात. उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे भारतीय कंपनीने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सुविधा परिषदेकडे नेता येते. परदेशी प्रकाशकापुढे याचा प्रत्यक्षात फारसा उपयोग होत नाही, पण देशी कंपन्यांसाठी माइलस्टोनवर, म्हणजे टप्प्याटप्प्याने पैसे घेऊन, काम करणाऱ्यांनी नोंदणी आजच करून घ्यावी.

तरीही कायद्यापेक्षा लवकर होण्याजोगी गोष्ट दुकानांच्या हातात आहे. स्टीम, प्लेस्टेशन, निंटेंडो, एक्सबॉक्स यांना प्रत्येक प्रत कुठे, कधी, किती रुपयांना गेली हे माहीत असतं. एका गेमचा पैसा दोन खात्यांत ठरल्या प्रमाणात विभागून टाकणं त्यांना तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. स्टीमच्याच वर्कशॉप या विभागात गेमच्या आत वापरायची एखादी वस्तू तीन-चार जणांनी मिळून केली असेल तर त्यांचे वाटे आधी ठरवता येतात आणि त्याप्रमाणे पैसे जातात. टोपी आणि तलवारीसाठी जे चालतं ते अख्ख्या गेमसाठी चालवावं. वसुली पूर्ण होईपर्यंत मोठा भाग प्रकाशकाकडे जाऊ दे, पण वसुली कुठवर आली हे दोघांना एकाच पडद्यावर दिसू दे.

हे करायला त्यांना भाग पाडण्याइतकं महाराष्ट्राचं वजन नाही. पण आपल्या पैशाला अटी घालण्याचा अधिकार आपल्याला नक्की आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, गेमिंग वगैरेंसाठीचं एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं, २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटींचा आराखडा त्यात आहे. त्यातून गेमला अनुदान मिळणार असेल तर चार ओळी त्या अर्जातच घालाव्यात. अनुदान निर्मात्याच्याच खात्यात जाईल आणि कोणत्याही करारात ते वसुलीयोग्य धरलं जाणार नाही. प्रकाशक दर तिमाहीला देशवार, किंमतवार विक्री आणि खर्चाच्या पावत्या देईल. पैसे ९० दिवसांपेक्षा जास्त थकले तर प्रकाशनाचे हक्क आपोआप निर्मात्याकडे परततील, आणि दुकानातलं गेमचं पान, त्यावरच्या परीक्षणांसह, त्याच्या खात्यावर वळवून दिलं जाईल. वाद झाला तर सुनावणी मुंबईत किंवा पुण्यात. ज्या प्रकाशकाला हे जड वाटेल त्याने अनुदान नसलेला गेम घ्यावा. धोरणाची अंमलबजावणी अजून आकार घेत आहे, म्हणून हे कलम घालून घ्यायची वेळ आत्ताची आहे, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंनी एकेकट्याने नव्हे तर एकत्र सही करून उद्योग विभागाकडे जायला हवं.